काचेमागच्या आईला पहिली पत्रिका

म्हैसूरला जायचं ठरलं ते भाचीच्या लग्नामुळं. मावसबहीण शांता तिकडचीच झालेली. सासरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरकर. फोनवर म्हणाली, "दादा, पहिली पत्रिका आईला द्यायची आहे, आणि आई म्यूझियममध्ये बसलीय. तू सोबत ये."

मिरजेहून रात्रीची गाडी धरली. सकाळी दारातच शांताचा हुकूम झाला, "तिंडी आधी, मग गोष्टी!" तिंडी म्हणजे नाष्टा. वाफाळती इडली खाता खाता सगळा उलगडा झाला. म्हैसूरजवळच्या वरुणा भागातल्या त्यांच्या गावी देवीचा लाकडी मुखवटा होता. देवळात दगडी मूर्ती आली तेव्हा गावानं तो विद्यापीठाच्या संग्रहालयाला दिला. शांताच्या सासूबाई मात्र अडून बसलेल्या. "नवी मूर्ती खरी आहे, पण माझं लग्न त्या आईनं पाहिलं. तिला बोलावल्याशिवाय मी मांडवात पाय ठेवत नाही, अल्वा? बरोबर ना?"

सिटी बसनं संग्रहालयात गेलो. तुम्ही गेलात तर सकाळीच जा. बाजूच्या तळ्याकाठी पाखरं दिसतात आणि गर्दीही नसते. इमारत म्हणजे जुना राजमहाल. कोरीव सागवानी खांब, उंच छत, रंगीत काचांतून फरशीवर सांडलेला उजेड. कुणी न सांगता मी चपला काढल्या. रखवालदार हसला. आत चामड्याच्या बाहुल्या, कुणाची पाटी, कुणाचा पाळणा, माणसापेक्षा उंच लाकडी दैवतं. आमच्या गावच्या शाळेत असलं काही पाहिलं नव्हतं. एकेका वस्तूवर हातांची झिलई होती. ज्यांचे ते हात, त्यांची नावं कुठंच नव्हती. मी नुसता बघत राहिलो.

मुखवटा काचेमागं होता. कपाळावर जुन्या कुंकवाचा डाग तसाच. शांता पत्रिका आणि अक्षता घेऊन थबकली. सासूबाईंना काय सांगायचं, देवी भेटली पण पत्रिका दिली नाही?

रखवालदार जवळ आला. "अक्की बेडा अम्मा, हुळ बरुत्ते."

"तांदूळ नको म्हणतो, किडे येतात," शांता पुटपुटली. तिचे डोळे भरले.

मग त्यानं काचेपुढच्या कट्ट्याकडं बोट दाखवलं. "पत्रिके इल्ली हाकी."

मला एवढंच कळलं: हाक. बरोबरच आहे, बोलावणं म्हणजे हाकच! मी हात जोडले आणि गावच्या देवळात मारतो तशी हाक मारली, "आई! पोरीच्या लग्नाला ये!"

छतापर्यंत आवाज घुमला. पलीकडं बाहुल्या बघणारी मुलं वळून बघायला लागली. रखवालदार डोळे विस्फारून उभा.

"अय्यो दादा! कन्नडात हाकी म्हणजे ठेवा! हाक मारायला कोण सांगितलं तुला?" शांता हसता हसता रडायला लागली. रखवालदाराला तिनं कन्नडात समजावलं. त्यानं क्षणभर मुखवट्याकडं पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली. शांतानं पत्रिका कट्ट्यावर ठेवली.

घरी सासूबाईंनी एवढंच विचारलं, "आईनं ऐकलं का?"

"अख्ख्या म्यूझियमनं ऐकलं, अत्ते," शांता म्हणाली. म्हातारीनं माझ्या हातात मैसूरपाकाचं ताट दिलं.

आता गावी परतलोय. इतकी वर्षं घरची पूजा मुकाट्यानं करायचो. हल्ली देव्हाऱ्यात फूल वाहताना तोंडून मोठ्यानं "आई!" निघतं. बायको स्वयंपाकघरातून विचारते, "कुणाला हाक मारताय?"

"फूल ठेवतोय," मी सांगतो.