सम नंबरची पोरं

संशोधन हा रोग मला संगमनेरच्या प्रशिक्षणात लागला. जेवण बरं होतं, म्हणून मी जरा जास्तच लक्ष दिलं. साहेबांनी फळ्यावर ‘शिक्षक हाच संशोधक’ असं लिहिलं आणि आम्ही टाळ्या वाजवून ते मान्य केलं. बाकीचे गाडीत बसेपर्यंत विसरले. मला विसरून चालणार नव्हतं, कारण जिल्ह्याची नवोपक्रम स्पर्धा तोंडावर होती आणि आमच्या मुख्याध्यापकांना कपाटावर ठेवायला एक ढाल हवी होती.

माझी शाळा जामखेडकडची, वर्ग दुसरीचा. पोरांना वाचता येत नव्हतं. मी ठरवलं, बाराखडी गुंडाळून ठेवायची. घरातल्या पुड्या, खताच्या पिशव्या, साबणाचे कागद आणायला सांगायचे आणि त्यांवरचं वाचायला शिकवायचं. पण प्रयोग म्हटला की दोन गट आले. हजेरीतल्या विषम नंबरना पुड्या, सम नंबरना बाराखडी. सम नंबरवाले म्हणजे नियंत्रित गट. त्यांना पुड्या दिवाळीनंतर. कागदावर हे इतकं शास्त्रीय दिसत होतं की मी स्वतःवरच खूश झाले.

पुड्यावाली पोरं सुसाट सुटली. ‘कमळ’वर अडणारा एक गडी ‘तंबाखूमुळे कर्करोग होतो’ हे घडाघडा वाचायला लागला आणि त्याने घरी आजोबांचं जगणं मुश्कील केलं. सम नंबरवाले भिंतीकडे बसून ‘क का कि की’ आळवत होते.

एका सकाळी त्यांच्यातल्या एकीची आई वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली.

‘बाई, माज्या पोरीनं तुमचं काय घोडं मारलंय? रडती घरी. तिला पुड्या का न्हाई?’

‘मिळतील की. दिवाळीनंतर तिचीच पाळी.’

‘दसरा झाला की आमी ऊसतोडीला जातो, कर्नाटकात. पोरगी संगं. तिथं तिला कोन शिकवनार, मुकादम?’

मला राग आला. आधी त्या बाईचा, कारण तिचं बरोबर होतं. मग संगमनेरच्या त्या फळ्याचा. आणि मग माझा, कारण नियंत्रित गटातली निम्मी पोरं दसऱ्यानंतर इथे नसणार, हे मला न सांगताही कळायला हवं होतं.

गट मोडायचे म्हटल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, ‘मॅडम, थोडा दम धरा. दुसरा गटच नसला तर फरक कसा दाखवणार? ढाल हातची जाईल.’

‘जाऊ द्या,’ मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्या पोरीला मी पुड्यांच्या घोळक्यात बसवलं. मधल्या सुट्टीनंतर बघते तो सगळे सम नंबर दप्तरं घेऊन तिच्यामागे. मी कुणालाही उठवलं नाही. दसऱ्यापर्यंत आम्ही चित्रकला, कवायत सगळं सोडून फक्त वाचत होतो.

टोळीचा ट्रॅक्टर आला तेव्हा ती पोरगी ट्रॉलीत भांड्यांच्या पोत्यावर बसली होती. बापाच्या हातातली तंबाखूची पुडी ओढून अडखळत, बोट फिरवत तिने ती पूर्ण वाचली. आई म्हणाली, ‘आता हिच्या बापाचं काय खरं न्हाई, बाई!’ मला रडूच आलं, आणि ते अहवालाच्या कुठल्या रकान्यात बसवायचं ते कळेना.

नगरला स्पर्धेत परीक्षकांनी माझा अहवाल उलटसुलट चाळला.

‘मॅडम, तुमचा नियंत्रित गट कुठे आहे?’

‘कर्नाटकात, सर,’ मी म्हटलं. ‘वाचत गेलाय.’