चेहऱ्यावरचं ऊन

"मॅडम, तुमचं वय त्रेपन्न, पण स्किनचं वय येतंय पासष्ट," ती पोरगी हसत हसत मला म्हणाली. तेवीस-चोवीसची असेल. अंगात पांढरा कोट, पण डॉक्टर नव्हती. काउन्सिलर होती म्हणे. ठाण्याला घोडबंदर रोडवरच्या एका उंच इमारतीत ते स्किन क्लिनिक. तिने माझी हनुवटी एका मशीनवर टेकवायला लावली, जांभळा उजेड पाडला आणि शेजारच्या स्क्रीनवर माझाच चेहरा मला दाखवला. कपाळ, गाल, नाक, सगळीकडे काळे ठिपके. "हे सगळं सन डॅमेज," ती म्हणाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डॅमेज म्हणजे नुकसान ना? कोणाचं नुकसान झालं गं बाई, तुझं?

पण हे मी बोलले नाही. मनात म्हटलं. त्याचा राग मला आजही येतो, कारण एरवी मी गप्प बसणारी बाई नाही.

मी कल्याण पूर्वेला एका मराठी शाळेत अठ्ठावीस वर्षं पीटी शिकवते. माझा आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, माईक लागत नाही. बी.पी.एड.ला आम्हाला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवलेली. रांग लावताना मुलांची पाठ उन्हाकडे आणि शिक्षकाचं तोंड उन्हाकडे. मुलांच्या डोळ्यांवर ऊन आलं तर त्यांना कृती दिसत नाही, मग ती चुकतात, पडतात. तेव्हा ऊन शिक्षकाने खायचं. मी ते खाल्लं. रोज तास-दीड तास, अठ्ठावीस वर्षं. गालावर वांग उठले, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडल्या, चेहरा गळ्यापर्यंत रापला. शाळेत नवीन आलेल्या शिक्षिका टोपी-गॉगल-स्कार्फ लावून मैदानावर येतात, त्यांना मी सरळ विचारते, "काय गं, दरोडा घालायला निघालीस?"

तर अशी मी त्या क्लिनिकमध्ये गेले कशी? मुलीच्या लग्नापायी. मुलगी वागळे इस्टेटला एका ऑफिसात नोकरी करते, लग्न तिने स्वतः जमवलेलं, मुलगा चांगला, माणसं चांगली. दिवाळीनंतरची तारीख. आमच्यात लग्न बौद्ध पद्धतीने, नवरी पांढऱ्या साडीत, आणि घरातल्या आम्ही बायकासुद्धा पांढऱ्याच. माझ्या लग्नातही मी पांढरीच साडी नेसलेले आणि कुणाला काही त्रास झाल्याचं मला आठवत नाही. यावेळी मात्र विहीणबाई पहिल्याच भेटीत, जयभीम झाल्या झाल्या, माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "ताई, फार रापलात हो तुम्ही." वाईट हेतू नव्हता, कळवळाच होता. आणि कळवळ्याने बोललेल्या माणसाला उलट बोलताही येत नाही. त्यानंतर फोटोग्राफर आला. तो तर मोठा शहाणा. मोबाईलवर आमचे दोन-चार नमुन्याचे फोटो काढले आणि म्हणाला, "आंटी, व्हाइट साडीत तुमचा फेस अजून डार्क येणार. एडिटमध्ये किती उचलणार मी?"

आंटी! कोणाची रे आंटी? उचलायला मी काय सिमेंटची गोणी आहे?

मुलीने माझ्या नकळत तिच्या पॅकेजसोबत माझंही बुकिंग करून टाकलं. 'मदर ऑफ द ब्राइड' असं पॅकेजच असतं, नाव देऊन ठेवलेलं. म्हणजे कुणीतरी एसीत बसून ठरवलंय की पोरीचं लग्न निघालं की आईच्या तोंडाची दुरुस्ती करायची. मी घरात आकाशपाताळ एक केलं. मुलगी शांतपणे म्हणाली, "आई, माझ्या अल्बममध्ये तू छान दिसावीस एवढंच वाटतं मला. तू कधी स्वतःसाठी काही केलंयस?"  मग काय, गेले.

डॉक्टरीण दोन मिनिटं आली. "पीलने सुरुवात करू, मग लेझर. कपाळावर थोडं बोटॉक्स घेतलंत तर फ्रेश दिसाल." बोटॉक्सला मी नाही म्हटलं. माझ्या कपाळावर आठी पडली की चाळीस पोरं गप्प बसतात, ती आठी गेली तर मी वर्ग कशाने सांभाळू? पील म्हणजे चेहऱ्याला ॲसिड लावतात. सौम्य असतं म्हणतात, पण मुंग्या चावल्यासारखं चरचरलं. वरून एक पंखा माझ्याच हातात दिला वारा घ्यायला. तीन-चार दिवसांत वरची कातडी सुटेल, म्हणाल्या, ती ओढायची नाही, आणि दहा दिवस ऊन अजिबात नाही. "उन्हात गेलात तर आहे त्यापेक्षा काळं होईल." हे पील लावून झाल्यावर सांगितलं, बरं का! आधी नाही.

दहा दिवस ऊन नाही. आणि माझ्या शाळेतल्या मुलींची जिल्ह्याची खो-खो निवड चाचणी चौदा दिवसांवर.

इथे मला माझ्या संघातल्या एका मुलीबद्दल सांगायला हवं. नववीतली, विठ्ठलवाडीच्या चाळीतली. अंगाने काडी, पण खांबाजवळ अशी वळायची की मागची पुढे निघून गेलेली असायची आणि ही मागे उभी राहून हसत असायची. अठ्ठावीस वर्षांत मला अशी पोर दोनदाच मिळाली. पहिलीचं लग्न लावून टाकलं आईबापाने, दहावी झाल्या झाल्या. हिचं तसं होऊ द्यायचं नाही असं मी ठरवलेलं. जिल्ह्याच्या संघात आली की पुढे शिबिर, क्रीडा गुण, कॉलेजात प्रवेश, सगळं सरळ होतं. निवडीला गेली असती तर आली असती. मी लिहून दिलं असतं.

पण गेल्या वर्षी आईने तिला मैदानावरून काढून घेतलेलं. आमच्याकडे मैदान एक आणि शाळा तीन. सकाळचा गारवा मुलांच्या क्रिकेटला, संध्याकाळ बाहेरच्या कोचिंगवाल्यांना, आणि मुलींच्या खो-खोला काय, तर अकरा ते बारा. ऑक्टोबरात अकरा ते बारा उभं राहून बघा एकदा. मी हेडमास्तरांशी भांडले, संस्थेला अर्ज केले, काही फरक पडला नाही. मुली काळ्या पडायच्या आणि आया एकेक करून त्यांना काढून घ्यायच्या. मी त्या चाळीत गेले. तिची आई घरीच जीन्सच्या पँटींचे धागे कापायचं काम करते, दारात पँटींचा ढीग. म्हणाली, "बाई, खेळते चांगली हे मला कळतं. पण आधीच सावळी, त्यात ही अशी करपली तर उद्या तिला कोण करेल?"

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "माझ्याकडे बघा. नीट बघा. काय वाकडं झालं माझं? नोकरी केली, घर घेतलं, मुलगी इंजिनीअर झाली. या तोंडाची मला एक दिवस लाज वाटलेली नाही." ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. खरंच नीट बघितलं तिने. मग म्हणाली, "ठीक आहे, तुमच्यावर सोडते पोरीला." दुसऱ्या दिवशी पोर मैदानावर हजर.

पीलनंतर मी तीन दिवस रजा टाकली. चौथ्या दिवशी घरात बसवेना. चाचणी तोंडावर, आणि मी खिडक्यांचे पडदे लावून बसलेय, ही काय पद्धत झाली? गेले शाळेत. तोंडाभोवती कातडी सुटायला लागलेली, कांद्याचं साल सुटतं तशी. ओढणी गुंडाळली, वर लेकीचा गॉगल, हातात छत्री. मुली बघतच राहिल्या. एक हळूच म्हणाली, "बाई, दरोडा?" सगळ्या हसल्या, मीही हसले. म्हटलं, क्लिनिकमध्ये चेहरा सोलून घेतलाय, उन्हात गेले तर अजून काळी पडेन.

मग मी शिट्टी वाजवली आणि रांग लावली. सवयीने उन्हाकडे तोंड करून उभी राहिले. चेहऱ्याला असा चटका बसला की डोळ्यांतून पाणी आलं. क्लिनिकमधलं ते वाक्य कानात आलं, आहे त्यापेक्षा काळं होईल. आणि मी म्हटलं, "संघ, मागे फिर."

एवढंच. तीन शब्द. मुली मागे फिरल्या, मी चालत दुसऱ्या बाजूला गेले, पाठ उन्हाकडे करून उभी राहिले. आता ऊन त्यांच्या डोळ्यांत. सोळा पोरी डोळे बारीक करून माझ्याकडे बघतायत आणि मी छत्रीखालून त्यांना हातवारे दाखवतेय. कुणी काही बोललं नाही. बोलतील कशा, मीच शिस्त लावलेली. विठ्ठलवाडीची ती पोर रांगेत पहिली होती. तिने कपाळावर आडवा हात धरला आणि माझ्याकडे बघितलं. मी ओरडले, "हात खाली!" तिने हात खाली घेतला.

तो संपूर्ण तास मी तसाच घेतला. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान आणि स्वतः कोरडी पाषाण, म्हणतात ते हेच. पण त्या दिवशी मला तसं काही वाटलंही नाही, हे जास्त वाईट. मला वाटत होतं, दहा दिवसांचा तर प्रश्न आहे.

दुसऱ्या दिवशी ती विठ्ठलवाडीची पोर आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. मैत्रिणींना विचारलं तर एकमेकींकडे बघायला लागल्या. सहा दिवस झाले आणि चाचणी चार दिवसांवर आली तेव्हा मी शाळा सुटल्यावर तडक विठ्ठलवाडीला गेले. जाताना डोक्यात आईला काय काय सुनवायचं याची उजळणी चाललेली. परत तेच सुरू केलं वाटतं या बाईने! काळी पडते, काळी पडते! अरे, पोर आहे की भिंत, रंग बघायला?

दारात तोच ढीग, तीच कात्री. "या बाई," म्हणत तिने पँटी बाजूला सारून जागा केली. मी बसण्याआधीच सुरू झाले, "चार दिवसांवर निवड आलीय, आणि तुम्ही पोरीला परत घरी बसवलंत?"

ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. कातडी सुटून गेलेली, खालची नवी, गुलाबीसर. "चांगला उजळला हो चेहरा," ती म्हणाली. टोमणा नव्हता. मनापासून म्हणाली.

"ते सोडा. पोरीला का ठेवलंत?"

"मी नाही ठेवलं, बाई. मी तर रोज ढकलतेय तिला. बाईंना शब्द दिलाय म्हटलं, जा. तीच जात नाही." मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "ते जिथे करतात तिथे लहान पोरींचं करतात का हो? तुमच्या ओळखीने?"

 या बाईला मी ओरडून गप्प करणार होते, आणि ती माझ्याकडे चिठ्ठी मागत होती.

पोर आतून बाहेर आली. तोंडाला बेसन-हळद लावलेली, वाळून तडे गेलेले. मला बघून दचकली, ओढणीने घाईघाईत पुसायला लागली. मी तिला जवळ बोलावलं. म्हटलं, "चुकलं माझं. तुम्हाला उन्हाकडे उभं केलं ते चुकलं. उद्यापासून मी पहिल्यासारखी उभी राहीन. छत्री नाही, काही नाही. तू ये."

"तुम्ही नका उभ्या राहू, बाई," ती म्हणाली. "परत काळं होईल ना तुमचं." रुसली नव्हती ती माझ्यावर. ते मला चाललं असतं. तिला माझी काळजी वाटत होती.

"होऊ दे काळं. तू येतेस की नाही सांग."

तिने मान खाली घातली. बेसनाचे कण तिच्या भुवयांत अडकलेले. मी तिची हनुवटी धरून चेहरा वर केला, आणि माझ्या मैदानावरच्या आवाजात म्हटलं, शेजारची दारं उघडतील एवढ्या आवाजात, "अगं, तुझ्या चेहऱ्याला काहीही झालेलं नाही!"

तिने माझ्याकडे बघितलं. आईने बघितलं होतं तसंच, नीट.

"तुमच्यापण चेहऱ्याला काही झालं नव्हतं ना, बाई?"