पाँडिचेरीचा कोको आणि पाच बदाम

गरज नसताना खोटं बोलायची मला हौस आहे. त्यातली बहुतेक खोटी आठवड्याभरात उघडी पडतात, लोक हसतात, मीही हसतो. एकच असं निघालं की मी बोललो तेव्हा ते आधीच खरं होऊन बसलेलं होतं. ते आठवलं की अजूनही मानेवर कोणीतरी हळूच फुंकर घातल्यासारखं वाटतं.

फ्रेंच लोक पाँडिचेरीतून चंबूगबाळं आवरत होते आणि ते गाव आपल्यात येऊ घातलं होतं, त्या वेळची गोष्ट. मी बऱ्हाणपुरात सुताच्या एका पेढीवर कारकून होतो. शेठजींनी तिकडचं सूत बघायला मला पाठवलं, कारण मला फाडफाड इंग्रजी येतं अशी अफवा मीच उठवली होती. चार दिवसांचं काम, पण तिथल्या कचेऱ्यांत कोण राहणार, कोण जाणार याचाच पत्ता नव्हता. दोन महिने अडकलो.

समुद्राकडच्या एका गल्लीत चॉकलेटचं दुकान होतं. नुसत्या वासाने आत शिरलो. बाहेर मरणाचं ऊन आणि आत मात्र विहिरीत उतरल्यासारखा गारवा. फळ्या रिकाम्या, खोकी सुतळीने बांधलेली. कोपऱ्यातल्या एकुलत्या टेबलावर एक कप भरून ठेवलेला होता, वाफ येत होती. समोरची खुर्ची थोडी मागे सरकवलेली. बसलेलं मात्र कोणी नव्हतं.

दुकानाच्या म्हाताऱ्या फ्रेंच बाई काउंटरमागे उभ्या होत्या. वरच्या फळीवर कोकोचा एकच डबा उरला होता. मी बोट दाखवलं. त्यांनी मान हलवली. तो ठेवलेला आहे, म्हणाल्या. कोणासाठी, ते सांगितलं नाही. आता, नाही म्हटलं की मला ती वस्तू हवीच होते.

"माझ्या बायकोला दिवस गेलेत," मी ठोकून दिलं. "तिला हेच खावंसं वाटतंय."

बाई बराच वेळ बघत राहिल्या. माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यामागे. मग डबा उतरवून पुढे ठेवला. केक कसा करायचा तेही सांगितलं, चार अंड्यांसकट. वर एक कागदी पुडी दिली. तिच्यात साखरेच्या कवचातले पाच पांढरेशुभ्र बदाम.

"नाव ठेवण्याच्या दिवशी," त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. "त्याच्या आधी नाही."

माझं इंग्रजी त्याहून मोडकं, पण एवढं कळलं. पैसे घ्यायला त्या तयार झाल्या नाहीत. दारातून वळून पाहिलं तर त्या टेबलावरचा कप उचलत होत्या. कप रिकामा होता.

परतीच्या गाडीत नागपूर यायच्या आत चार बदाम मी खाल्ले. ज्या पोराच्या नावाने ते मिळाले ते नव्हतंच, तेव्हा हरकत घेणार कोण? पाचवा हातातून निसटून वळकटीत गेला. खूप चाचपलं, सापडला नाही.

घरी पोचलो तर आईने मला ओट्यावरच अडवलं.

"हळू बोल. तिले चौथा महिना लागला."

मी तिथेच बसलो. "मग मला पत्र का नाही टाकलं?"

"कायले टाकू? मागच्या दोन खेपेले पहिल्याच महिन्यात तू गावभर पेढे वाटत फिरला. काय झालं, विसरला का?"

विसरलो नव्हतो. दोन्ही खेपेला पोर हाती लागलं नाही. दुसऱ्या खेपेनंतर बायको महिनाभर बोलली नव्हती.

"पाच महिने भरेस्तोवर तोंडातून काढायचं नाही, असं मी इच्छादेवीपुढे बोलली," आई म्हणाली. "तू कोणाले बोलला नाही ना?"

"मला माहीतच नव्हतं, तर बोलणार कसा?"

उत्तर बिनतोड होतं. दुकानात मारलेली थाप मात्र आठवली.

आत बायको चुलीजवळ बसली होती. मला पाहून हसली नाही. मान वर करून तिने हवा हुंगली.

"जळक्या मातीसारखा कसला वास येतोय हो? मला ते हवंय."

कोकोचा डबा लाखेने बंद केलेला, धोतरात गुंडाळून ट्रंकेत ठेवलेला. आणि ट्रंक अजून बाहेर टांग्यात होती.

डोहाळा पुरवलाच पाहिजे, असं आईचं म्हणणं पडलं. त्याच दुपारी मी शेगडीवर मोठं पातेलं चढवलं. त्यात तापीची वाळू, वाळूवर केकचं पीठ भरलेला डबा, झाकणावर निखारे. आमच्या घरात अंडं कधी आलेलं नव्हतं, म्हणून चार अंड्यांच्या जागी चार केळी कुस्करली आणि धीर येईना म्हणून सोडा दुप्पट टाकला. केक ताडकन फुगला, सुस्कारा सोडला आणि बसला.

आईने वाकून पाहिलं. "हे खायचं की भिंतीवर थापायचं?"

बायकोने खाल्लं. भिंतीकडे तोंड करून, एक हात पोटावर ठेवून, जणू प्रत्येक घास आत विचारून घेत होती. सगळा संपवला. मग माझ्याकडे वळली.

"आणि ते पांढरे कुठे आहेत?"

"कोणते पांढरे?"

"बदाम. पाच."

झोपेत बडबडलो म्हणावं, तर आल्यापासून मी डोळा मिटला नव्हता. खोटं बोलायला तोंड उघडलं, तर ती माझ्या खांद्यामागे बघायला लागली, अगदी त्या बाईंसारखी. मी सगळं सांगून टाकलं. दुकान, थाप, गाडी.

"एक तरी असेल," ती म्हणाली.

आम्ही वळकटीची शिवण न शिवण उसवली. नव्हता. पुढचे सहा महिने मी कोणाशी धड बोललो नाही. पेढीवर लोकांना वाटलं, दक्षिणेत जाऊन मी शहाणा झालो.

मुलगी झाली. जन्मल्यावर ती रडली नाही. सुईण तिला उलटी धरून थोपटत होती आणि मी दाराबाहेर उभा राहून त्या बाईंची माफी मागत होतो, तीही मोडक्या इंग्रजीत. मग रडली.

बाराव्या दिवशी बारशाच्या बायकांना बसायला आईने तीच वळकटी झटकली आणि टप्प आवाज करत बदाम फरशीवर पडला. पांढराशुभ्र. आमच्या घरात साखरेचा कण मुंग्यांच्या तावडीतून सुटत नाही, आणि याला एक मुंगी लागलेली नव्हती. बायकोने तो उचलून पाळण्यातल्या उशीखाली ठेवला आणि मगच बाळाच्या कानात नाव सांगू दिलं.

मुलगी जगली, मोठी झाली, आता तिच्या सासरी गेलो की तीच मला दटावते. तिच्यानंतर मात्र आमच्याकडे पाळणा हलला नाही. डॉक्टरांनी कारणं सांगितली, पटण्यासारखी होती. बायको त्यावर एकदाच बोलली, भाकरी थापता थापता, आवाजात राग नव्हता.

"चार तुम्ही खाल्लेत."

यावर काय थाप मारावी, ते मला अजून सुचलेलं नाही.