म्हशीसाठी कापलेलं गवत

“‘देशासाठी गेलतो,’ एवढंच म्हनाचं हाये तुमाले. जीभ झडते काय?”

“गेलतो म्हशीसाठी. देशासाठी कसं म्हनू?”

“म्हस मरून चार वर्सं झाली. ते काय साक्ष द्याले येते मोताळ्याले?”

“म्हनूनच तं. मेल्यावर तिचं नाव कायले खोडाचं?”

झुंबरबाईनं कपाळावर हात मारला. कडूबा हसत हसत मुंडासं बांधत होता, आणि त्या हसण्यानं ती आणखीच पेटली.

भांडण कोंडवाड्याच्या नोकरीवरून होतं. मोताळ्याच्या कोंडवाड्यावर राखणदार नेमायचा होता. मोकाट गुरं आत घ्यायची, त्यांना चारा-पाणी करायचं, मालक आला की सोडायची. सजा झालेल्या माणसाला ही जागा मिळत नसे. पण नागपुरात काँग्रेसचं सरकार आल्यापासून बोर्डानं एक सवलत ठेवली होती: सत्याग्रहात जेलात गेलेला असेल, तर चालेल. आता कडूबा जेलात गेलेला होता. सन तीसच्या जंगल सत्याग्रहाच्याच दिवशी, त्याच राखीव जंगलात, तेच गवत कापून गेला होता. फक्त तिथं सत्याग्रह चालू आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी तो आपला उताराला बसून म्हशीसाठी गवत कापत होता. खालून गाणी म्हणत, झेंडा घेऊन मंडळी आली. पुढे गावचा तरुण पंजाबराव, ऐंशी एकरांचा धनी, गळ्यात हार, हातात कोरा विळा. लोकांनी जयजयकार केला. पंजाबराव वाकला, गवतावर विळा कुऱ्हाडीसारखा हाणला आणि स्वतःचंच बोट कापून घेतलं.

“अहो पाटील, इळा हाणाचा नसते, वढाचा असते!” कडूबा तिथूनच ओरडला. राहवलं नाही म्हणून उठून आला, पंजाबरावाचा हात हातात धरला आणि मूठ कशी भरायची ते दाखवत त्याच हातानं दोन मुठी कापल्या. तेवढ्यात जंगलाचा शिपाई आला आणि दोघांनाही घेऊन गेला.

कोर्टात साहेबानं विचारलं, “सत्याग्रही आहेस?”

“नाई सरकार. म्हसवाला हावो.”

“आधी कधी सजा?”

“तीन वर्सांमांगं दंड झालता. म्हस जंगलात घुसली व्हती.”

“म्हणजे दंड होऊनही सुधारला नाहीस.”

पंजाबरावाला तीन महिने, कडूबाला सहा. पंजाबराव सुटला तेव्हा बँडबाजा मलकापूर टेसनावर गेला होता. कडूबा सुटला तेव्हा टेसनावरून चालत आला, आणि वेशीतल्या कुत्र्यांनीसुद्धा त्याला ओळखलं नाही.

मग सुरू झाली लोकांची मजा. कुणाचं घमेलं हरवो की कोंबडी, पोलीस पाटील आधी कडूबाच्या दारात. “काय कडूबा, घरीच का?” “घरीच हावो. या, चहा घ्या, कोंबडी पाहून घ्या.” जिनात काम मागायला गेला, तर मुकादम म्हणाला, “जेलकरी हायेस तू, कपाशीच्या ढिगापाशी नोको.” सुगीत खळ्यावर राखण मागितली, तर शेतकऱ्यानं कीव आल्यासारखं त्याच्याकडे पाहिलं. कडूबानं कुणाशी वाद घातला नाही. नाल्यात अंबाडी सडवली, तिचे दोर वळले, दावी, कासरे, वेसणी करून मोताळ्याच्या बाजारात मांडल्या. त्याचा दोर तुटत नाही, असं त्याला चोर म्हणणारेही म्हणत, आणि त्याच्याकडूनच घेत. नवरा-बायकोचं बरं चाललं होतं. झुंबर कुरकुरायची आणि दोर वळताना दुसरं टोक धरायची.

पण यंदा त्याची बोटं धरली. सकाळी मूठ उघडेना, संध्याकाळी मिटेना. आता दोर होणार नव्हते. म्हणून कोंडवाडा.

“चाला,” झुंबर म्हणाली. “मीबी येतो. तुमाले एकट्याले सोडलं तं तुमी म्हशीचं नाव ल्याहून याल.”

बोर्डाच्या खोलीत कारकून वामनराव टाक घेऊन बसले होते. मधल्या खुर्चीत सभासद पंजाबराव. आता पोट सुटलेला, खादी तीच. मागच्या कोंडवाड्यातून गुरांचं हंबरणं येत होतं. टेबलावर कुलपाची मोठी किल्ली पडली होती.

“सजा झालीय?” वामनरावांनी विचारलं.

“झाली जी. सहा महिने.”

“सत्याग्रहात?”

कडूबानं बायकोकडे पाहिलं. दारातून झुंबरनं ओठ न हलवता म्हटलं, “देशासाठी.”

“म्हशीसाठी,” कडूबा म्हणाला.

“मायबाई!” झुंबर चौकटीवरच बसली.

वामनरावांनी टाक खाली ठेवला. “मग मला अर्जाला हातच लावता येत नाही. चोरीची सजा आहे ही.”

“थांबा हो वामनराव,” पंजाबराव म्हणाला. खुर्चीत जरा हलला. “शिपायानं आमच्या दोघांचं गवत एकाच भाऱ्यात बांधलं व्हतं. कोर्टात तोच भारा. त्यात माह्यं गवत किती? दोन मुठी. त्याबी यानंच माह्या हातानं कापल्या. मले तीन महिने अन हार, याले सहा अन बदनामी. म्या कोर्टात उभा व्हतो. तोंड उघडलं नाई.”

“काऊन नाई उघडलं?” झुंबरनं दारातूनच विचारलं.

“भेव वाटलं, बाई. लोक म्हनतीन, पाटलाले गवत कापता येत नाई.”

कडूबाच फिसकन हसला. “अजून येते का पाटील कापता?”

“नाई बे,” पंजाबराव म्हणाला आणि तोही हसला. लगेच वामनरावांकडे वळला. “तो चोर असन तं मीबी चोर. मंग मले आधी या खुर्चीतून उठवा. अन मी नसन, तं तोबी नाई. ल्याहा, नेमला म्हनून. सही मी करतो.”

“लिहितो. पण सजेचा रकाना मोकळा ठेवता येत नाही.” वामनराव रडकुंडीला आले. “वरून विचारतील. ‘सत्याग्रही’ लिहिलं, तर हा स्वतःच नाही म्हणतो. ‘चोर’ लिहिलं, तर तुम्ही उठता. लिहू काय?”

कडूबाचं लक्ष नव्हतं. त्याचे कान मागच्या आवाजाकडे होते. “किती हायेत आत?”

“नऊ. सकाळपासून.”

“पानी दाखवलं?”

“राखणदार नेमल्याशिवाय कोण दाखवणार? आधी मला सांग, कडूबा. तुझ्याच तोंडानं सांग. तू जेलात गेलास तो कोण म्हणून? मी काय लिहू?”

कडूबानं टेबलावरची किल्ली दोन्ही हातांत धरून उचलली, झुंबरच्या बाजूनं वाट काढली आणि कोंडवाड्याकडे निघून गेला.