कुलूपबंद लाइफ जॅकेट

कळंबसारख्या दुष्काळी गावात राहून शिडाची होडी विकत घेणारा माणूस शहाणा नसतो, हे मला मान्य आहे. पण बेजबाबदार? हा शब्द मी ऐकून घेणार नाही!

होडी घेतल्या घेतल्या मी ओळखीच्या वकिलाकडं गेलो. "समजा, कुणी बुडालं तर?"

"मालक तुम्ही, केस तुमच्यावर. माणशी एक लाइफ जॅकेट होडीत असलंच पाहिजे. आणि बसणाऱ्याकडून हमीपत्र लिहून घ्या."

होडीत असलंच पाहिजे! 'अंगावर असलं पाहिजे' असं सांगायला याच्या तोंडाला काय झालं होतं? (त्याचं म्हणणं, तेवढी अक्कल मास्तरला असते असं त्याला वाटलं. मास्तर म्हणजे मी.)

मी चार जॅकेटं आणली. पण आमच्या तलावावरची माणसं इतकी सज्जन, की पहिल्याच रविवारी होडीतली शिट्टी आणि बादली गायब! मग पाणपोईच्या ग्लासाला असते तशी साखळी आणून चारही जॅकेटं डोलकाठीला बांधली आणि वर कुलूप ठोकलं. आता खुद्द कलेक्टर तपासणीला आले असते, तरी जॅकेटं जागेवर!

दिवाळीला अणदूरहून सासरे आले. त्यांना होडीत बसायचं होतं. मी काठावरच हमीपत्र पुढं केलं.

"जावयाच्या होडीत बसायला सासऱ्यानं सही करायची?" मामा कडाडले. "काय लिवलंय ह्यात? 'बुडाल्यास मी स्वतः जबाबदार'! म्या बुडायचं, अन् वर जबाबदार बी म्याच?"

"मामा, कायदा आहे."

"अहो, आबांकडून कसल्या सह्या घेताय?" बायको ओरडली. तरी मी सही घेतली. (याला हिंमत लागते!)

तलावाच्या मध्यावर मामांनी जॅकेटाकडं बोट केलं. "हे घालायचं न्हाय व्हय?"

"नवी आहेत, मळतील. वेळ आली की कुलूप काढू."

वेळ लगेच आली. वारा फिरला, शीड इकडचं तिकडं गेलं, ते धरायला मी नेमका नको त्या बाजूला उठलो आणि होडी आडवी! मी पाण्यात खिसे चाचपतोय, आणि किल्ली घरी खुंटीवर, शाळेच्या पँटीत! जॅकेटं मात्र डोलकाठीजवळ मजेत तरंगत होती. (अशा वेळी होडीला धरून राहायचं असतं, हे नंतर सगळ्या गावानं सांगितलं. आधी एकानंही नाही!) मला पोहता येत नाही. खरं सांगतो, त्या क्षणी कायदा आठवला नाही. काठावर उभी असलेली बायको आठवली आणि रडूच फुटलं.

तेवढ्यात कुणीतरी माझी कॉलर धरली. मामा! धोतरासकट पोहत होते. "हातपाय झाडू नका! गप पडा!" असं दरडावत त्यांनी मला काठापर्यंत ओढत आणलं.

"पोहता येत न्हाय अन् होडी घेतली?"

"पाण्यात उतरावं लागू नये म्हणूनच तर होडी घेतात ना, मामा!" मी चिडून म्हणालो. मामांनी फक्त धोतर पिळलं.

आता दर रविवारी मी पहिली एसटी धरून अणदूरला जातो. भर दुपारी मामांच्या विहिरीत, पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधून. वर कठड्यावर सगळी भावकी. परवा एका म्हातारीनं मामांना विचारलं, "कोण हो हे? लई येळ झाला, नुसतं पाय आपटतंय."

मामा अभिमानानं म्हणाले, "आमचे जावई. सवताची होडी हाय त्यांची!"