राहिलेला अर्धा गाल

"वर बघा, मास्तर. देव हाय वर."

हनुवटीखाली दोन बोटे लावून आपली मान मागे कलती करायची, वस्तरा गळ्याशी आणायचा आणि नेमके त्याच क्षणी हे वाक्य म्हणायचे, ही आमच्या गल्लीतल्या मामांची रीत होती. गळ्यावर पाते असताना देवाची आठवण करून देणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी वर्षानुवर्षे पाहिला. मान वर केली की दिसायचे ते आमच्या ओसरीचे धुरकटलेले आढे आणि त्याला लोंबणारे कोळ्याचे जाळे. देव असलाच तर त्याच्या पलीकडे कुठेतरी असावा.

मामांचे खरे नाव मी सांगत नाही, कारण गल्लीत ते कुणी घेतच नसे. लहानथोर सगळ्यांचे ते मामा, आणि त्यांची बायको ती मामी. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की मामा काखेत हजामतीची धोकटी मारून निघत आणि घर घेत घेत आमच्या ओसरीवर येत. माझे वडील अण्णा कचेरीतून निवृत्त झालेले, आई फार पूर्वीच गेलेली. अण्णांना हसवू शकेल असा माणूस साऱ्या सोलापुरात एकच होता, आणि त्याच्या हातात नेमका वस्तरा असे. मामा एकेक किस्सा असा रंगवून सांगत की अण्णांचे पोट हलायला लागे. मग मामाच दटावत, "आण्णा, हसू नगा. हसलं की कापतंय." आणि लगेच पुढचा किस्सा सुरू करत. याला दुष्टपणा म्हणायचा नाही तर काय?

अशाच एका सकाळी अण्णांचा दीड गाल झाला होता आणि उरलेल्या अर्ध्यावर फेस होता. एका कंजूष सावकाराची गोष्ट ऐन रंगात आली होती. एकाएकी मामा बोलायचे थांबले. त्यांचे तोंड एका बाजूला ओढले गेले, वस्तरा हातातून सुटून पाण्याच्या वाटीत पडला आणि ते खांबाला टेकून हळूहळू खाली बसले. मला आधी वाटले, सावकाराची नक्कल चालली आहे. मी हसलोसुद्धा.

अण्णा मात्र हसले नाहीत. कधी घाई न करणारा तो माणूस तोंडाला फेस तसाच घेऊन अनवाणी कोपऱ्यापर्यंत धावला आणि टांगा घेऊन आला. मामांना पेठेतल्या वैद्यबुवांकडे नेले आणि अण्णा त्यांच्या ओट्यावर दुपारपर्यंत बसून होते. गालावरचा फेस वाळून त्याचे पापुद्रे निघाले होते, पण तोंड धुवायला या म्हटले तर ते उठेनात.

मामांचा जीव वाचला. उजवी बाजू गेली. "हाताचं काही सांगत नाही," वैद्यबुवा मामीला म्हणाले, "पण याला बोलतं ठेवा. नाहीतर जीभ जड होऊन बसेल."

आता मामीला मोठाच प्रश्न पडला. ती अक्कलकोटकडची, माहेरची बोली कानडी. लग्न झाल्यापासून नवराबायको भांडणाशिवाय दुसरे काही बोललेच नव्हते, मग आता आजारी माणसाशी गोड काय बोलायचे? तिने आपले जमेल तेच केले. रोज सकाळी तेलाने अंग रगडायचे आणि रगडता रगडता भांडण उकरून काढायचे. जत्रेत तांब्याची कळशी कुणी हरवली, तिच्या बहिणीच्या लग्नात कोण रुसून बसले, असे सगळे जुने हिशेब निघत. राग चढला की मामी मराठी सोडून कानडीत शिरायची. अंथरुणावर मामा लालबुंद व्हायचे, ओठ थरथरायचे, पण शब्द फुटायचा नाही.

आणि एक दिवस तो फुटला. मामी पदराने डोळे पुशीत गल्लीत धावत आली. हातात गुळाची ढेप होती आणि समोर येईल त्याच्या तळहातावर ती खडा ठेवत होती.

"म्हस म्हनले मला!" ती रडत होती आणि हसत होती. "लई सपष्ट म्हनले! म्हस!"

तो गूळ मीही खाल्ला आहे. इतका गोड गूळ पुन्हा मिळाला नाही.

पुढे मामांची जीभ सुटली, तोंड सरळ झाले, काठी टेकत ते दारापर्यंत येऊ लागले. उजवा हात मात्र आला नाही, तो नुसता खांद्याला लटकून राहिला. दरम्यान सात रस्त्याच्या चौकात नवे सलून निघाले होते. तिथे फिरती खुर्ची, समोर हा मोठा आरसा. गल्लीतली मंडळी एकेक करून तिकडे वळली. मामीचा भाऊ भेटीला आला तेव्हा म्हणाला, "दाजी, चला आमच्याकडं. दोन माणसं काय मला जड न्हाईत."

तो गेल्यावर मामा मला म्हणाले, "मेव्हणा लई चांगला हाय हो, मास्तर. त्येच तर वंगाळ हाय. वाईट असता तर भांडून तरी खाल्लं असतं. चांगल्या मानसाच्या दारात फुकट बसून कसं खायाचं?"

शेवटी असे ठरले की संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेला मेव्हण्याने बैलगाडी घेऊन यायचे आणि जत्रा संपली की दोघांना घेऊन जायचे. मामांनी एकच अट घातली. "तवर माज्या डाव्या हाताखाली एक गिऱ्हाईक बसलं, अन् धड उठलं, तर मी हितंच ऱ्हानार."

त्या दिवसापासून मामा मडक्याची हजामत करू लागले. हसू नका, नवीन पोराला हा धंदा मडक्यावरच शिकवतात. मडके मांडीत धरायचे, त्याला फेस लावायचा आणि हलक्या हाताने तो वस्तऱ्याने काढायचा. कर्र असा आवाज आला तर हात जड पडला म्हणून समजायचे. साऱ्या पेठेची दाढी केलेला माणूस या वयात पुन्हा मडक्यापाशी येऊन बसला होता, पण त्याची त्यांना लाज नव्हती. मडक्याला ते रावसाहेब म्हणत. मी शाळेतून येताना ऐकू येई, "रावसाहेब, वर बघा. देव हाय वर." सुरुवातीला रावसाहेब फार करकरत. पुढे आवाज बंद झाला.

पण बसणार कोण? डाव्या हाताची कुणाला भीती होती, कुणाला किळस. अण्णांनी तर साफ सांगितले, "डाव्या हाताने तोंडाला स्पर्श? माझ्या हयातीत नाही." मात्र ते सलूनलाही जाईनात. बघता बघता त्यांची दाढी छातीवर आली. कुणी विचारले तर म्हणत, "थंडी आहे." आता तुम्हीच सांगा, सोलापुरात थंडी असून असणार किती?

जत्रा संपली. मेव्हण्याची गाडी मामांच्या दारात उभी राहिली. माझी बायको करकंबला माहेरी गेलेली, अण्णांना मी काही बोललो नाही, त्यामुळे मला अडवणारे कुणी नव्हते. शाळेला जाता जाता मी मामांच्या दारात थांबलो, कोट काढला आणि पाटावर बसलो.

"मास्तर, खरंच?" मामा म्हणाले.

गल्ली गोळा झाली. मामांनी फेस लावला, वस्तरा डाव्या हातात धरला आणि सुरुवात केली. काय हात होता! मोरपीस फिरवावे तसा. डावा गाल झाला, उजवा झाला. "वर बघा, मास्तर. देव हाय वर." मी वर बघितले, गळाही झाला. मग त्याच झोकात वस्तरा वर आला, नाकाखालून अलगद फिरला आणि माझी अर्धी मिशी मांडीवर पडली.

मामा त्या मिशीकडे बघत राहिले.

"मास्तर," ते कसेबसे म्हणाले, "रावसायबाला मिशी न्हवती हो."

मला राग यायला हवा होता, पण हसूच फुटले. आता अर्धी मिशी घेऊन काही शाळेत जाता येत नाही, तेव्हा उरलेली अर्धीही काढावी लागली. मामांनी वस्तरा पुसला, धोकटीत ठेवला आणि मेव्हण्याकडे वळून म्हणाले, "सामान चढवा, पावनं."

मी शाळेत पोचलो. त्या काळी वडील जिवंत असताना कुणी मिशी काढत नसे, हे तुम्हाला माहीत असेल. हसण्याच्या नादात मी मात्र ते साफ विसरलो होतो. मला बघताच हेडमास्तर खुर्चीतून उठले, माझा हात हातात घेऊन म्हणाले, "कधी?" मला वाटले, मिशीचे विचारताहेत. "आत्ताच, सकाळी," मी म्हणालो. "आणि तुम्ही शाळेत आलात!" त्यांचे डोळे भरून आले. मी तोंड उघडीपर्यंत शाळेला सुट्टी मिळालेली होती.

मी धावतच घरी आलो, तर बातमी माझ्या आधी पोचलेली. दारात पेठेतली माणसे जमली होती. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारच्या गल्लीतल्या काकू पिठलंभाताचे भांडे घेऊन आल्या होत्या. त्यांनी कडी वाजवली आणि दार उघडले खुद्द अण्णांनी. छातीपर्यंत पांढरी दाढी, अंगावर पांढरी लोकरी धाबळी. काकूंनी अशी किंकाळी फोडली की भांडे खाली, आणि पिठले अण्णांच्या पायावर.

"काय प्रकार आहे हा?" अण्णा गरजले. मग त्यांची नजर माझ्या ओठावर गेली. मी सगळे सांगितले. त्यांनी काठी उचलली आणि पिठल्याचे पाय तसेच घेऊन मामांच्या घराकडे निघाले. मागून सारी गल्ली. अण्णांचा राग मी लहानपणापासून ओळखत होतो.

गाडीत सामान चढले होते. मामी आत बसली होती, मांडीवर ते मडके. अण्णांना बघून मामांनी मान खाली घातली.

"चुकलो, आण्णा. आमी निघालोच हाय."

"निघालास?" अण्णा म्हणाले. "माझा अर्धा गाल राहिलाय तुझ्याकडे. तो करून मग कुठे जायचं तिथे जा." आणि दारातल्या पाटावर बसकण मारली.

मामांनी मान वर केली. "डाव्या हातानं, आण्णा?"

"अरे, सगळ्या पेठेनं ठरवलंय की मी मेलोय. मेलेल्याला डावं काय आणि उजवं काय? लाव फेस."

मामांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होते. ते बाहीला डोळे पुसायचे आणि वस्तरा चालवायचे. एवढी वाढलेली दाढी, पण एक ओरखडा उठला नाही. मिशीपाशी तर असे जपून गेले, जसे काही तिथे तान्हे मूल निजले आहे. वस्तरा गळ्याशी आला तेव्हा सवयीने तोंडून निघून गेले, "वर बघा, आण्णा. देव हाय वर."

"तिथूनच परत आलोय," अण्णा म्हणाले.

गल्ली खो खो हसली. मामी गाडीतून उतरली. आणि बरे का, अण्णा उठल्यावर त्या पाटावर पुढे कोण बसले असेल? खुद्द मेव्हणा. दाढी झाल्यावर गाल चाचपत त्यानेच गाडीतले सामान उतरवायला घेतले.

मामा इथेच राहिले. त्यांच्या कामाची तऱ्हा मात्र बदलली. वस्तरा चालू असताना आता ते बोलत नसत. किस्सा सांगायचा झाला की हात थांबवायचे, वस्तरा बाजूला धरायचे, गोष्ट पुरी करायचे आणि म्हणायचे, "आता हसा." आपण फेस लावलेल्या तोंडाने हसून घ्यायचे, मग पुढची दाढी. साध्या दाढीला तासभर लागे, आणि तरी सलूनची खुर्ची सोडून माणसे परत आली.

"उजव्या हाताला लई मस्ती हुती, मास्तर," एकदा ते मला म्हणाले. "गोष्टी सांगत सांगत काम उरकायचा. डाव्याला त्ये जमत न्हाई, त्येला समोर बघावं लागतंय. इतकी वर्सं तोंडं भादरली, पर तोंडं बघाया आत्ता लागलो."

आणखी एक सवय त्यांना जडली. गिऱ्हाईक कितीही जुने असो, मिशीपाशी आले की ते आधी विचारायचे, "वडील हायत न्हवं?" मीही दर वेळी सांगायचो, "आहेत, मामा." ते ऐकून त्यांनाही बरे वाटे आणि खोटे कशाला बोलू, मलाही बरे वाटे.

पुढे काही वर्षांनी अण्णा खरेच गेले. दहाव्याच्या दिवशी तळ्याकाठी मी मामांसमोर बसलो. त्यांनी नाकाखाली फेस लावला. त्या दिवशी त्यांनी विचारले नाही. काम उरकल्यावर ते हळूच एवढेच म्हणाले, "वर बघा, मास्तर. आता आण्णा बी हायत वर."

आता मामाही नाहीत. मी आरशासमोर उभा राहून सेफ्टी रेझरने दाढी करतो. पाते गळ्याशी आले की मान आपोआप वर जाते. आढ्याला तसलेच जाळे असते. वर दोघांचे काय चालले असेल ते मला दिसते. अण्णा पाटावर बसले आहेत, मामांची सावकाराची गोष्ट अजून संपायची आहे, आणि देव आपली पाळी येण्याची वाट बघत ताटकळला आहे. मग मी हात खाली घेतो, पोटभर हसून घेतो, आणि त्यानंतरच उरलेला गाल करतो.