कॉम्प्युटरवरची वांगी

आमच्या धुळ्याच्या कॉलेजातले कॉमर्सचे दोन जुने मास्तर भेटले, की चहा गार होतो आणि किस्से गरम! त्यातले निम्मे तर त्या एकाच कॉम्प्युटरचे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी मार्केटिंग शिकवायचो आणि पोरं पेंगायची. मग मीच ठरवलं, प्रत्येकानं एकेका धंद्याची गोष्ट करायची. फोटो स्कॅन करायचे, आवाज भरायचा, कॉम्प्युटरवर दाखवायची. प्राचार्य भडकलेच.

"गोष्टी बालवाडीत सांगतात, सर! वर्षअखेरीस संस्थेचे अध्यक्ष बघतील. त्यांना पटलं नाही, तर कॉम्प्युटर ऑफिसात, टायपिंगला!"

अख्ख्या डिपार्टमेंटला तेवढा एकच होता हो!

*

धरणगावचा रवींद्र कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग मिलची गोष्ट करणार होता. छत्तीस फोटोंचा रोल धुऊन आणला. छत्तीसही फोटोंत त्याचे मामा! उभे, बसलेले, फेटा बांधलेले.

"अरे, जिनिंग कुठंय?"

"मामांच्या मागं आहे, सर. रोल त्यांनीच घेऊन दिला ना!"

*

एकजण नरडाण्याच्या कारखान्यात मॅनेजरची मुलाखत टेप करून आला. लावली, तर तासभर नुसती घरघर. मॅनेजरचा एक शब्द कळेल तर शपथ!

"हे काय रे?"

"सर, प्रॉडक्शन चालू होतं."

दिले मी त्याला पैकीच्या पैकी!

*

एका भांडेवाल्या शेठनं हट्ट धरला, "फोटोत शेजारच्या दुकानाचा बोर्ड नको." पोरांनी दोन दिवस खपून तो कॉम्प्युटरवर पुसला आणि फोटो छापून दिला. तिसऱ्या दिवशी शेठ पुन्हा हजर.

"बोर्ड परत लावा राव! सगळे विचारतात, हे दुकान नेमकं कुठं आलं?"

स्पर्धेचा धडा मी पुस्तकातून पुन्हा कधी शिकवला नाही.

*

आणि तो शेवटचा दिवस. शिंदखेड्याच्या सुनंदानं आपल्या आबांच्या वांग्यांची गोष्ट केली होती. आठवडी बाजारातले फोटो, त्यावर आबांचाच आवाज. आबा स्वतः धोतर-टोपीत मागच्या बाकावर. अध्यक्ष पुढं, प्राचार्य त्यांच्या कानाशी.

आमचे नाना शिपाई भाविक माणूस. शुभकार्य म्हणून त्यांनी नारळ फोडला, तो नेमका स्पीकरशेजारी! पाणी आत. पडद्यावर वांगी दिसताहेत, आवाज मात्र गुल. सुनंदा रडवेली झाली. मी म्हटलं, गेला कॉम्प्युटर टायपिंगला.

तेवढ्यात आबा उठले, थेट पडद्याजवळ.

"रडू नको पोरी. मी सांगस ना!"

ती फोटो बदलत गेली, आबा बोलत गेले. वांगं हातात कसं तोलायचं, गिऱ्हाईक कसं ओळखायचं, सगळं. अध्यक्षांनी अडवलं, "आबा, भाव चढा सांगितला तर गिऱ्हाईक जात नाही?"

"जास ना! दुसरानं वांगं खाई देखस, अन मंग परत येस."

हॉल टाळ्यांनी दणाणला. अध्यक्ष हसत उठले.

"प्राचार्य, कॉम्प्युटर यांच्याकडेच राहू द्या. चला, निघू या."

आबांनी हात आडवा केला.

"ओ सायेब, बठा! गोष्ट आजून सरनी नई."

आणि अध्यक्ष बसले की हो!